एका एकवीस अंकी संख्येची ओळख

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. हे पुस्तक या एका संख्येबद्दल आहे. सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, की ती मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती तर राजाला नेमके एवढे दाणे द्यावे लागले असते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र असे करत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. शेवटचे स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या त्या यादीच्याही बाहेर जाते. ती एक हजार चारशे पंच्याहत्तर परार्धांहून मोठी आहे.

आजच्या हिशेबाने मात्र एकवीस अंक फार नाहीत. लाखो अंकी संख्यांची गणिते संगणकांवर रोज होत असतात. मी ही संख्या निवडली ती तिच्या इतिहासासाठी आणि तिच्या स्वभावासाठी. १६४४ मध्ये तिच्याबद्दल एक चुकीचे विधान छापले गेले. १८७६ मध्ये ते चूक असल्याचे कळले, पण चूक नेमकी कुठे आहे हे कोणालाच दाखवता आले नाही. ते दाखवायला १९०३ साल उजाडले. या अडीचशे वर्षांत संख्या सिद्धांताची जवळजवळ सगळी मुख्य हत्यारे घडली, आणि त्यांतली बरीचशी या एका संख्येवर चालवून पाहता येतात. शंभर विषयांना स्पर्श करणारी पुस्तके मराठीत नाहीत असे नाही. पण एकच संख्या हाती धरून तिला शेवटपर्यंत प्रश्न विचारत जाणे ही वेगळी शिस्त आहे, आणि नवख्या वाचकाला ती जास्त मानवते असा माझा विश्वास आहे.

मोठ्या संख्येचे गुणधर्म म्हणजे काय, हे आधी पाहू. काही गुणधर्म वरवर पाहताच कळतात. शेवटचा अंक ७ आहे, म्हणून संख्या विषम आहे आणि पाचाने भाग जात नाही. अंकांची बेरीज १०९ येते, म्हणून तिनाने भाग जात नाही. या गोष्टी सातवीतला मुलगा सांगेल. यापुढचा प्रश्नही तितकाच साधा दिसतो: ही संख्या मूळ आहे की संयुक्त? त्यापुढचा तर आणखी साधा: संयुक्त असेल तर तिचे अवयव कोणते? हे तीन प्रश्न एका ओळीत लिहिता येतात, पण त्यांची किंमत अगदी निराळी आहे. पहिल्याला अर्धा मिनिट पुरतो. दुसऱ्याला चांगली पद्धत आणि चिकाटी लागते. तिसऱ्याला किती वेळ लागेल हे आधी सांगताच येत नाही. शिवाय दुसऱ्याचे उत्तर मिळाले म्हणून तिसऱ्याचे मिळतेच असे नाही. ही दरी या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. संख्या किती मोठी आहे यापेक्षा तिला कोणता प्रश्न विचारला जातो आहे यावर सगळे अवलंबून असते.

कथेची सुरुवात ग्रीसमध्ये होते. युक्लिडच्या ग्रंथाच्या नवव्या भागात दोन विधाने आहेत. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे त्यांतले एक, आणि ते सर्वांना ठाऊक असते. दुसरे त्याच भागाच्या शेवटी येते. दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःहून लहान अशा सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या. ३ ला २ ने गुणले की ६, ७ ला ४ ने गुणले की २८, ३१ ला १६ ने गुणले की ४९६. पुढे लिओनार्ड ऑयलरने सिद्ध केले की प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते. विषम परिपूर्ण संख्या एखादी तरी आहे का, हे आजही कोणाला माहीत नाही. म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करण्याचा हा उद्योग परिपूर्ण संख्यांच्या शोधातून आला. तो लहर म्हणून सुरू झालेला नव्हता.

मारँ मर्सेन हा पॅरिसमधला धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. त्याने १६४४ मध्ये एक यादी छापली: घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असतील तर दोनाच्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळते आणि २५७ पर्यंतच्या इतर घातांकांना मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. अशा संख्यांना पुढे मर्सेन संख्या हे नाव पडले. या पुस्तकात त्या म६७, म१२७ अशा लिहिल्या आहेत. यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यायला नको होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. सगळी यादी तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. तरी मर्सेनला कमी लेखू नये असे मला वाटते. नेमके आणि तपासण्याजोगे विधान करणाऱ्याचे विज्ञानावर उपकार असतात. ते विधान चूक निघाले तरी ते उपकार कमी होत नाहीत.

मर्सेनला पत्रे लिहिणाऱ्यांत प्येर द फर्मा होता. १६४० च्या सुमारास त्याच्या हाती जो नियम आला, तो या पुस्तकाचा कणा आहे. म६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल तर ती मूळ संख्या कशीही असू शकत नाही. दोनाच्या घातांना तिने भागत गेलो की बाक्या एका चक्रात फिरतात. सदुसष्टाव्या घाताला बाकी एक येते, म्हणून त्या चक्राची लांबी ६७ ला भागणारी असली पाहिजे. ६७ स्वतः मूळ असल्यामुळे ती ६७ च आहे. दुसरीकडे फर्माच्याच प्रसिद्ध सिद्धांतानुसार चक्राची लांबी मूळ संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येलाही भागते. अवयव विषम असल्याने ती संख्या समही असते, म्हणून म६७ चा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून येतो. याच वाटेने फर्माने म३७ चा २२३ हा अवयव शोधला. २२३ म्हणजे सहा गुणिले सदतीस अधिक एक. पुढे आणखी एक चाळणी मिळाली: अशा अवयवाला आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र लावल्या की १३४ च्या पटींतल्या निम्म्या बाद होतात.

ऑयलरने याच जातीच्या युक्त्या वापरून १७३२ मध्ये फर्माचीच एक समजूत खोटी ठरवली. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ नसून ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार आहे. १७७२ मध्ये त्याने म३१, म्हणजे २१४७४८३६४७, मूळ असल्याचे दाखवले. पुढची शंभर वर्षे याहून मोठी मर्सेन मूळ संख्या कोणाच्या हाती लागली नाही.

खरी उडी एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने मारली. अवयव न शोधताच संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारी रीत त्याने काढली. डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचे साधे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून दोन वजा करायचे, आलेल्या संख्येला म६७ ने भागून बाकी घ्यायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करायचे. अशी ६५ पावले टाकल्यावर बाकी शून्य आली तर म६७ मूळ, नाही तर संयुक्त. १८७६ मध्ये ल्युकाने म१२७ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली आणि म६७ संयुक्त असल्याचेही सांगितले. पण अवयव मात्र त्याच्यापाशी नव्हते. शाळेत आपण असे शिकतो की संयुक्त म्हणजे अवयव पडणारी संख्या. इथे अवयव पडतात याची पक्की सिद्धता हाती आहे आणि एकही अवयव हाती नाही. नव्या वाचकाला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, म्हणून पुस्तकातही मी इथे सगळ्यात जास्त थांबलो आहे.

या गुंत्याचा आणखी एक पदर सांगतो. एखादी संख्या मूळ आहे का हे झटपट अजमावण्यासाठी दोनाला त्या संख्येहून एकने कमी इतक्या घातापर्यंत नेऊन बाकी पाहतात. मूळ संख्येला बाकी एक यायलाच हवी. म६७ संयुक्त असूनही तिची बाकी एकच येते. मूळ घातांकाच्या सगळ्याच मर्सेन संख्या या कसोटीत मूळ असल्यासारख्या वागतात. तेव्हा सोप्या कसोटीवर भागले असते तर मर्सेनचे विधान आपण बरोबरच मानून बसलो असतो.

फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यावर त्यांचा निबंध होता. एरिक टेंपल बेल यांनी पुढे लिहून ठेवलेली हकिकत अशी की कोल काही न बोलता फळ्याकडे गेले, दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, मग फळ्याच्या मोकळ्या भागावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावर जागेवर जाऊन बसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. या कामाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे उत्तर त्यांनी नंतर दिल्याचेही बेल सांगतात. हकिकतीतला रंग बेल यांचा असू शकतो. गुणाकार मात्र प्रत्येकाला करून पाहता येतो. आणि तो करावाच, हातानेच करावा, असा माझा आग्रह आहे. नवाच्या कसोटीने सुरुवात करा: दोन्ही अवयवांना नवाने भागून बाकी एक उरते आणि म६७ लाही एकच उरते.

कोल यांनी हे अवयव आंधळेपणाने शोधले नव्हते. म६७ चे वर्गमूळ सुमारे बारा अब्ज पंधरा कोटी येते, आणि तिथपर्यंत पन्नास कोटींहून जास्त मूळ संख्या आहेत. एकेक भागून पाहायचे तर माणसाचे आयुष्य अपुरे पडते. वर्गशेषांचे सिद्धांत वापरून त्यांनी अवयव कोणत्या साच्याचा असू शकतो याची कुंपणे एकात एक घातली आणि जागा लहान करत नेली. हाती लागलेला लहान अवयव १३४ गुणिले १४४५५८० अधिक एक आहे, आणि मोठा १३४ गुणिले ५६८५३६०१२९ अधिक एक. पहिल्याला आठाने भागून बाकी १, दुसऱ्याला ७. अडीचशे वर्षांपूर्वीच्या फर्माच्या नियमाला दोन्ही तंतोतंत उतरतात.

इथवर सांगितली ती एक परंपरा झाली: संख्येची घडण पाहणारी. संख्या कशी बनली आहे यावरून तिचे अवयव कसे असतील हे ती ठरवते. दुसरी परंपरा एकट्या संख्येकडे न पाहता गर्दीकडे पाहते. पोरवयातल्या गाउसने मूळ संख्यांच्या तक्त्यांवरून हेरले की संख्या वाढत जातात तशा मूळ संख्या विरळ होत जातात आणि हे विरळ होणे लॉगॅरिदमच्या नियमाने चालते. बर्नहार्ड रीमान यांच्या १८५९ च्या निबंधाने त्याला खोल पाया दिला. १८९६ मध्ये जाक आदामार आणि शार्ल द ला व्हाले पूसँ यांनी स्वतंत्रपणे ते सिद्ध केले. आपल्या संख्येच्या परिसरात साधारण दर ४६ संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. श्रीनिवास रामानुजन आणि गॉडफ्री हार्डी यांनी १९१७ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला: साधारण संख्येला वेगवेगळे मूळ अवयव किती असतात? त्यांच्या नियमाप्रमाणे म६७ एवढ्या संख्येला सुमारे चार असायला हवेत. तिला दोनच आहेत, आणि दोन्ही मोठे. तिने लोकांना इतकी वर्षे दाद दिली नाही त्याचे एक कारण इथे दिसते. ही परंपरा एका संख्येबद्दल निश्चित असे काहीच सांगत नाही. पण ती संख्या नेहमीच्यांपैकी आहे की वेगळी, हे कळायला तिच्याशिवाय मार्ग नाही.

तिसरी परंपरा गणनेची. भारतात तिची मुळे खोल आहेत. ६१ ने गुणलेल्या वर्गात एक मिळवून पुन्हा वर्गच मिळेल असा पूर्णांक शोधा, हा प्रश्न भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने सोडवला. सगळ्यांत लहान उत्तरात २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ या संख्या येतात. याच ६१ चे आव्हान फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींना दिले. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो की आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. मोठ्या संख्येशी पद्धतशीर झुंजण्याची ही रीत त्या मठात शिकवली जात असणार, असे मानायला मला आवडते. आधुनिक काळात या परंपरेला यंत्र मिळाले. जानेवारी १९५२ मध्ये राफेल रॉबिन्सन यांनी लिहिलेल्या आज्ञावलीने लॉस एंजलिसमधल्या संगणकावर म५२१ आणि म६०७ एकाच दिवशी मूळ ठरल्या. १९७० च्या दशकात जॉन पोलार्ड यांनी अवयव पाडण्याच्या दोन नव्या रीती दिल्या. त्यांतली एक म६७ वर चालवून पाहण्याजोगी आहे. कोल यांच्या लहान अवयवातून एक वजा केला की १९३७०७७२० उरतात, आणि त्यांचे अवयव ८, २७, ५, ६७ आणि २६७७ असे लहान लहान पडतात. पोलार्ड यांची रीत नेमका असाच अवयव क्षणात पकडते. तीन वर्षांच्या रविवारांचे काम आज फोनवर पापणी लवायच्या आत होते. त्यामुळे कोल यांचे मोठेपण कमी होत नाही, उलट त्यांच्यासमोर काय उभे होते हे नेमके मोजता येते.

चौथी परंपरा अंकांची, आणि तिच्याबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून त्यांनी आयुष्य काढले. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. सात पावलांच्या आत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. त्यांच्या हयातीत इथल्या अनेक गणितींनी हे काम करमणुकीचे म्हणून बाजूला ठेवले. अंक हे दशमान लेखनाचे, संख्येच्या अंतरंगाचे नव्हेत, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

म६७ ला कापरेकरांचेच प्रश्न विचारून पाहू. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. १७२९ ही अशी संख्या आहे, कारण अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. म६७ च्या अंकांची बेरीज १०९, आणि १०९ हा तिचा अवयव नाही, म्हणून ती हर्षद नाही. दुसरा प्रश्न देवळाली संख्येचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होत नाही ती देवळाली संख्या. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणून २१ देवळाली नाही. २० मात्र कशातूनच तयार होत नाही. म६७ चा जनक शोधायला थोडा विचार लागतो, पण तो सापडतो: १४७५७३९५२५८९६७६४१२८२३. याच्या अंकांची बेरीज १०४, ती मिळवली की म६७. दुसरा जनक नाही. हे सगळे कागदावर करता येते आणि त्यासाठी अवयव ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

तिसरा प्रश्न अंतरंगापर्यंत पोचतो. ज्या संख्येचा वर्ग दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये दाखवले की या संख्यांचे रहस्य दहाच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या संख्यांच्या अवयवांत आहे, आणि दहाऐवजी द्विमान पद्धत घेतली तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या ठरते. ४९६ चा वर्ग २४६०१६. त्याला १०२४ ने, म्हणजे दोनाच्या दहाव्या घाताने, भागा: भागाकार २४० आणि बाकी २५६. बेरीज ४९६. आता गंमत अशी की यासाठी मर्सेन संख्या मूळ असण्याची गरजच नाही. ८ गुणिले १५ म्हणजे १२० ही परिपूर्ण नाही, पण १४४०० ला २५६ ने भागले की ५६ आणि ६४ मिळतात, आणि त्यांची बेरीज १२०. म्हणून म६७ ला दोनाच्या सहासष्टाव्या घाताने गुणून जी संख्या मिळते, जी मर्सेनच्या हिशेबाने परिपूर्ण व्हायला हवी होती आणि झाली नाही, ती कापरेकरांच्या कसोटीला पूर्ण उतरते. युक्लिड आणि देवळालीचे मास्तर या ठिकाणी भेटतात. अंकांचे खेळ आणि संख्येची घडण यांच्यामध्ये भिंत घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

हे सगळे आज का वाचायचे? १९७७ मध्ये रोनाल्ड रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लेनर्ड अॅडलमन यांनी कूटलेखनाची जी पद्धत दिली, तिचा पाया म६७ ने दाखवलेल्या दरीवरच आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, तो उलटा उलगडणे अवघड. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांना ही कल्पना १९७३ मध्येच सुचली होती, पण ती बरीच वर्षे गुप्त राहिली. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांत आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांत अजूनही ६१७ अंकी संख्या सर्रास वापरतात. त्यांचे अवयव कोणी पाडू शकत नाही, याच भरवशावर तो व्यवहार चालतो. या जातीच्या आव्हान-संख्यांपैकी २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पडले, आणि त्यासाठी प्रचंड गणनशक्ती खर्ची पडली. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर ही अडचण उरणार नाही. त्या शक्यतेसाठी अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने २०२४ मध्ये नव्या कूटपद्धती जाहीरही केल्या. दुसऱ्या बाजूला, संख्या मूळ आहे का हा प्रश्न २००२ मध्ये कायमचा सुटला. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले की हा प्रश्न नेहमीच वाजवी वेळात सोडवता येतो, त्यात नशिबाचा किंवा न सुटलेल्या गृहीतकाचा आधार लागत नाही. ल्युकाने १८७६ मध्ये एका जातीच्या संख्यांसाठी जे केले ते आता सर्व संख्यांसाठी झाले. अवयवांच्या बाबतीत मात्र अशी सिद्धता कोणत्याच बाजूने नाही. अवयव पाडणे खरोखरच अवघड आहे, की सोपी रीत अजून सुचलेली नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. आपल्या पैशांचे रक्षण न सुटलेल्या गणिती प्रश्नावर उभे आहे, ही गोष्ट सुशिक्षित माणसाला माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

या पुस्तकाला दहावीपर्यंतचे गणित पुरते. घातांक, भागाकार आणि बाकी यांपलीकडे जे लागते ते त्या त्या ठिकाणी पायरीपायरीने मांडले आहे. एक प्रश्न, एक रीत आणि ती रीत म६७ वर चालवून आलेले उत्तर, असा प्रत्येक प्रकरणाचा प्रयत्न आहे. कुठलाही सिद्धांत निव्वळ सांगून सोडलेला नाही, एक अपवाद सोडून: मूळ संख्यांच्या विरळ होण्याच्या नियमाची सिद्धता या पातळीवर देता येत नाही, तिथे पुरावा म्हणून तक्ते दिले आहेत. लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धती मी मुद्दाम वगळल्या. त्यांना न्याय द्यायचा तर दुसरे पुस्तक लागेल. संगणकाच्या आज्ञावली शेवटी एकत्र ठेवल्या आहेत, कारण आधी हाताने करून मग यंत्राकडे जाणाऱ्याला यंत्र काय करते आहे ते दिसते. शिक्षकांना एक सुचवतो: देवळाली संख्यांचे आणि फर्माच्या नियमाचे प्रकरण वर्गात एकाच आठवड्यात घ्या. मुले स्वतःहून दोन्हींमधले नाते शोधू लागतात.

शेवटचा भाग न सुटलेल्या प्रश्नांचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची म१३६२७९८४१ धरून आजवर ५२ मर्सेन मूळ संख्या माहीत आहेत. त्या अनंत आहेत का, हे सिद्ध झालेले नाही. मूळ घातांक असूनही संयुक्त निघणाऱ्या, म्हणजे म६७ च्या वळणाच्या संख्या अनंत आहेत का, हेही सिद्ध झालेले नाही. आणि म१२७७ ही ३८५ अंकी संख्या, हे लिहीपर्यंत, अगदी त्याच अवस्थेत आहे जिच्यात म६७ ही १८७६ ते १९०३ या काळात होती. ती संयुक्त आहे हे पक्के ठाऊक आहे, पण तिचा एकही अवयव कोणाला सापडलेला नाही. असा कोणताही मूळ अवयव २५५४ च्या पटीत एक मिळवून येणारा आणि आठाने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरणारा असला पाहिजे. इतके तर चौथे प्रकरण वाचून झाल्यावर वाचकाला स्वतः सिद्ध करता येईल. तिथून पुढची वाट सर्वांना मोकळी आहे.